काढून टाकावीत

"हॅलो?… हॅलो!… हो, मीच. अगं मीच, या लाइनवर दुसरं कोण असणार?… नाही गं, चाचणी नाही. चाचणी सकाळी दहाला झाली ना आपली. 'आवाज स्पष्ट आहे, लाइन स्वच्छ आहे', सगळी पोपटपंची करून झाली… मग आता कशाला म्हणजे? कामाला! अकरा वर्षांत पहिल्यांदा या फोनवर काम आलंय, तर दचकतेस काय एवढी?"

लाइनबाईंनी रिसीव्हर डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. खातं परराष्ट्राचं, खोली तळघरातली. एक टेबल, एक हात मोडलेली खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ आणि दोन फोन. लाल फोन मोठ्या माणसांचा, शत्रुराष्ट्राशी थेट बोलायचा. करडा फोन चाचणीचा. रोज सकाळी तो उचलून पलीकडच्या देशातल्या बाईला दोन ठरलेली वाक्यं ऐकवायची आणि तिची दोन ऐकायची, एवढीच लाइनबाईंची नोकरी. मागच्या सोमवारी मंत्रिमहोदयांनी लाल फोनवर 'तुमच्याशी बोलणंच नको' असं ओरडून सांगितलं आणि लाइन बंद करायला लावली. पलीकडच्यांनीही तेच केलं. करडा फोन बंद करायची आठवण दोन्हीकडे एकालाही झाली नाही. या लोकांना रागावणंसुद्धा धड जमत नाही, असं लाइनबाईंचं मत होतं.

"ऐकतेस ना?… मग नीट ऐक. आमचे साहेब स्वतः खाली आले होते. जिना उतरून!… कुठले काय, काटछाटसाहेब. सचिव गं आमचे. दुसऱ्यांच्या मसुद्यातले शब्द कापत बसतात ते… हां, तेच. माझ्या रजेच्या अर्जातला 'कृपया' ज्यांनी कापला होता. म्हणाले, बाई, तुमची तिकडे ओळख आहे, तुम्हीच बोला. एक वाजायच्या आत त्यांचा होकार आणा… कसला म्हणजे? अण्वस्त्रं सोडून द्यायचा!… हसू नकोस. आधी मीही हसले होते."

हसण्यासारखं काही नव्हतं. एक वाजता विमानं उडणार होती. पलीकडच्यांनी सकाळपासून आपली अण्वस्त्रं कोठारातून बाहेर आणून लॉऱ्यांवर चढवायला घेतली होती आणि त्याचे फोटो वरच्या मजल्यावर येऊन पडले होते. ती उघड्यावर आहेत तोवरच त्यांच्यावर बाँब टाकायचे, असं मंत्रिमहोदयांनी ठरवलं होतं. त्यातूनही चार-दोन सुटतील आणि आपल्या शहरावर पडतील, पण तेवढं चालेल, असंही ते म्हणाले होते. ते स्वतः कालपासून डोंगराखालच्या बंकरमध्ये होते. लाइनबाईंचं घर शहरात होतं, तिसऱ्या मजल्यावर, आणि घरात ऐंशी वर्षांची आई होती. तिला एक मजला उतरायलाही अर्धा तास लागायचा. घड्याळात बारा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

"आधी मला सांग, तुमच्या लोकांनी अक्कल गहाण ठेवलीय का? भर उन्हात लॉऱ्या भरता? जगाला दाखवून?… आम्ही सांगितलं? आम्ही काय सांगितलं?… आमच्या पत्रात? बाहेर काढा म्हणून?… काहीतरीच काय! अगं, बोलण्यांच्या सात फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत तुमच्या लोकांनी आमच्या बिस्किटाला हात लावला नाही, म्हणून पाचव्यात आमच्या लोकांनी तुमचं पाणीसुद्धा घेतलं नाही. एवढं सगळं झाल्यावर आम्ही पत्र लिहू, की बाबांनो, तुमची अस्त्रं जरा बाहेर काढा?… बरं, वाच. प्रत आहे ना तुझ्यापुढे?… हां… हां… 'मंगळवारी दुपारी एक वाजेपर्यंत आपण आपली सर्व अण्वस्त्रे…' पुढे?… पुन्हा वाच… 'काढावीत'?… नुसतं 'काढावीत'?… मागेपुढे काहीच नाही?"

लाइनबाईंनी डोळे मिटून घेतले. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत टायपिस्टने त्यांना हा मसुदा दाखवला होता, आणि त्यात 'काढून टाकावीत' असं ठसठशीत होतं. त्यानंतर तो काटछाटसाहेबांच्या टेबलावर गेला. जे एका शब्दात सांगता येतं त्याला दोन शब्द लावणारा माणूस सरकारचा कागद खातो, हे साहेबांचं तत्त्व. गेली तीस वर्षं ते त्या तत्त्वावर बढत्या घेत आले होते. पूर्वी अशी पत्रं दुभाष्याच्या नजरेखालून जात, त्याने तरी विचारलं असतं. पण दोन्ही देशांची भाषा एकच, मग दुभाष्याला पगार कशाला, असं म्हणून साहेबांनी त्याला मागच्याच वर्षी काढून टाकलं होतं. तेव्हा मात्र 'टाकलं' विसरले नव्हते.

"अगं, शब्द कापला त्यांनी! 'काढून टाकावीत' होतं ते. टा-का-वी-त. मोडा, फेका, नकोत ती… हो ना! नुसतं 'काढा' म्हणजे काय? गल्लीत भांडण लागलं आणि एक म्हणाला 'काढ चाकू', तर दुसरा काय चाकू नेऊन विहिरीत टाकणार आहे? तो काढणारच!… दाताचा डॉक्टर दात काढतो आणि आत्ता तू दात काढत होतीस, यात काही फरक आहे की नाही?… तेच तर म्हणतेय मी… जनरलना काय वाटलं?… 'हिंमत असेल तर काढा'?… आणि ते निघाले काढायला! वा रे वा. आमचा एक शब्द खाणारा, तुमचा एका शब्दावर पेटणारा. आणि यांच्या हातात अण्वस्त्रं! मी यांच्या हातात भाजी चिरायची सुरी दिली नसती."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की पलीकडची आता हसत नाही. तिची खुर्ची करकरत होती. अकरा वर्षांत लाइनबाईंना त्या खुर्चीचा आवाज पाठ झाला होता. त्या दोघींना एकमेकींचं नाव माहीत नव्हतं, कारण नाव सांगणं हा गुन्हा होता. पण गुडघेदुखी, सासू, वरिष्ठांचा खडूसपणा आणि नवऱ्यांच्या सवयी हा गुन्हा आहे असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. चाचणीची लाइन टेपही होत नसे. त्यावर ऐकण्यासारखं काय असणार, असं दोन्ही सरकारांना वाटे.

"हे बघ, आता वेळ घालवू नकोस. जनरल वरच बसलेत ना तुमच्या?… मग जा आणि सांग, पत्रात शब्द राहिलाय. लॉऱ्या आत न्या आणि अस्त्रं सोडून देतो म्हणून होकार द्या… का?… अपमान? कुणाचा अपमान?… लॉऱ्या मागे घेतल्या तर सैनिक हसतील? हसू देत की! हसून कुणी मेलंय का आजवर?… अगं पण एक वाजता… हो, विमानं. आमची… एक म्हणजे एक. पंचवीस मिनिटं आहेत… हॅलो?… काय झालं?… रडतेस काय? एवढ्यात रडायला काय झालं?… नवरा कुठे आहे?… कोठाराच्या मैदानावर? तुझा नवरा? अगं तो रंगारी ना? सरकारी शेडमध्ये बाकं रंगवतो ना तो?… मग अण्वस्त्रांच्या मैदानावर रंगाऱ्याचं काय काम?"

हा रंगारी लाइनबाईंच्या चांगला परिचयाचा होता. सरकारची सगळी बाकं रंगवून झाली तरी याला घरातल्या खिडकीला हात मारायला सवड मिळत नाही, ही पलीकडच्या बाईची अकरा वर्षांची तक्रार होती. दर दोन-तीन महिन्यांनी ती नव्याने व्हायची आणि लाइनबाई दर वेळी नव्याने 'सगळे मेले सारखेच' म्हणायच्या.

"तीन दिवस घरी आला नाही?… काल डबा द्यायला तू गेलीस… हात कोपरापर्यंत हिरवे. बरं… कशाला रंग देतोय म्हणतेस?… आणि अजून ओला आहे? लॉरीवर चढवताना सैनिकांच्या कपड्यांना लागला, म्हणून जनरल त्यालाच बोलले?… थांब. थांब, थांब. जरा थांब. तीस वर्षं जुनी अस्त्रं आणि रंग कालचा?… नवा रंग कशाला?… माझ्याशी खोटं बोलू नकोस हं, तुला जमत नाही ते. अगं, बोल की… हळू बोल, पण बोल. आत काय आहे गं?… पाइप?… कसले पाइप?… गटाराचे? सिमेंटचे?… आणि पुढचं टोक?… पत्र्याचं… सगळीच?… एकही नाही? खरं असं एकही?… कधीच नव्हतं?"

लाइनबाईंनी तोंडावर हात दाबून धरला, तरी हसू बोटांच्या फटींतून बाहेर आलंच. शाळेत असताना याच अस्त्रांच्या भीतीने त्या बाकाखाली लपायला शिकल्या होत्या. नोकरीला लागल्यावर याच अस्त्रांवर त्यांनी किती भाषणं ऐकली, किती जाड जाड अहवाल जिन्यावरून वर-खाली जाताना पाहिले! तीस वर्षं एक देश दुसऱ्या देशाच्या गटाराच्या पाइपांना भीत होता.

"कमाल आहे गं तुमची! भिकार ते भिकार आणि वर मिजास केवढी! घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा… नाही, तुला नाही म्हणत. तुझ्या देशाला म्हणतेय… आणि आम्ही! आमचे ते फोटो बघणारे, भिंग लावून मोजणारे! बारा आहेत की चौदा आहेत यावर गेल्या वर्षी दोन अधिकारी कँटीनमध्ये एकमेकांच्या अंगावर धावून गेले. पाइपांवरून!… हो, हसतेय मी. रडू काय?"

आणि मग एकदम त्यांचं हसू थांबलं. जिन्यावरून परत जाताना काटछाटसाहेब काय म्हणाले होते ते त्यांना आठवलं. साहेब म्हणाले होते, त्यांच्याकडे ती आहेत म्हणून बाई, आपण हात आखडून आहोत, नसती तर आठवड्याभरात तो देश खिशात घातला असता. हे त्यांनी रोजच्यासारखं, रुमालाने चष्मा पुसता पुसता सांगितलं होतं.

"ऐक. अगं ऐक ना. हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही… नाही, तुझ्यासाठी नाही सांगत. सगळ्यांसाठी सांगतेय. मी आत्ता वर जाऊन सांगितलं, की पाइप आहेत हो नुसते, तर विमानं थांबतील. पण मग आमचे लोक चालत येतील. सावकाश, बँड वाजवत. भीती कुणाची उरली त्यांना?… आणि नाही सांगितलं तर एक वाजता त्या मैदानावर… हो. तुझा नवरा ब्रश घेऊन तिथेच उभा असेल. तेव्हा आता एकच करायचं. होकार. तुमच्या जनरलचा होकार मला पाहिजे… परत अपमान! अगं, जे नाहीच ते सोडून द्यायला त्यांच्या बापाचं काय जातं?… तुझं ऐकणार नाहीत? मग त्यांना ऐकावंसं वाटेल असं सांग. कागद घे. घेतलास? लिही. 'आम्ही आमची सर्व अण्वस्त्रे जगाच्या शांततेसाठी'… हो, जगाच्याच लिही, जग म्हटलं की या लोकांची छाती फुगते… 'स्वेच्छेने'… हे पण असू दे, लागेल त्यांना… 'काढून टाकण्यास तयार आहोत.' टाकण्यास! तेवढं विसरलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही… हो, एरवी तरी कुठे बघितलंय म्हणा."

पलीकडे पेन्सिल थांबली. काहीतरी विचारलं गेलं.

"तपासणी? येईल की. पण तपासणीच्या समितीत कोण बसणार यावरून आमच्याकडे दोन वर्षं मारामाऱ्या चालतील. तोवर पाइप फोडा, तुकडे करा आणि दाखवा. फुटलेलं अस्त्र कुठलं आणि फुटलेलं गटार कुठलं, आमच्या समितीला कळतंय थोडंच!… जा आता… काय?… आमची?"

लाइनबाईंनी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरून खाली येणारे कागद खोटे नव्हते. आपली अस्त्रं खरी आहेत याचा त्यांना लहानपणापासून अभिमान होता. आज पहिल्यांदा त्यांना ते सांगायची लाज वाटली.

"हो गं… आमची खरी आहेत… हो, सगळी… जा तू. रिसीव्हर बाजूला ठेव, बंद करू नकोस. मी इथेच आहे. पळ!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर टेकला. खुर्ची करकरली, चपला वाजल्या, दार उघडलं. बारा चव्वेचाळीस. लाइनबाई कान देऊन बसल्या. त्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, लांब कुठेतरी कुणीतरी खोकत होतं. बारा सत्तेचाळीस. मग टक्‌ असा आवाज झाला आणि पंखा थांबला. पंखा नव्हे, लाइनच. कुणाला तरी, इकडे किंवा तिकडे, करड्या फोनची आठवण झाली होती.

"हॅलो?… हॅलो! अगं… हॅलो!"

रिसीव्हरमध्ये साधी गुणगुणसुद्धा नव्हती. लाइनबाईंनी बटण चारदा दाबलं, वायर हलवून पाहिली, आणि तेवढ्यात दार ढकलून काटछाटसाहेब आत आले. हातात उघडं घड्याळ, कपाळावर घाम. त्यांनी नुसती भुवई उडवली. 'काय झालं?' हे दोन शब्द त्यांनी वाचवले. लाइनबाईंनी हाताचा पंजा दाखवून त्यांना थांबवलं आणि मेलेला रिसीव्हर कानाला घट्ट लावला.

"हो… हो जनरलसाहेब, ऐकतेय मी… नाही नाही, आपण सावकाश सांगा, मी लिहून घेतेय… 'आम्ही आमची सर्व अण्वस्त्रे'… सर्व ना साहेब?… 'जगाच्या शांततेसाठी'… हो… 'स्वेच्छेने'… घेतलं… 'काढून टाकण्यास तयार आहोत.' टाकण्यास. हो, दोन्ही शब्द लिहिले मी."

साहेब लाइनबाईंच्या खांद्यावरून वाकून कागद वाचत होते. त्यांच्या श्वासाला पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, संख्या? एकूण किती? बारा की चौदा?

"जनरलसाहेब, आमचे सचिव विचारतायत, एकूण किती?… किती म्हणालात?…"

चाळीस म्हटलं तर थाप वाटते, हे कुठल्याही बाजारात जाणाऱ्या बाईला कळतं.

"एकोणचाळीस?… पुन्हा सांगता का?… एकोणचाळीस. हो. लॉऱ्यांवरची वेगळी?… बरं, ती धरून. आणि बाकीची कुठे आहेत ते सांगणार नाही म्हणता… नाही साहेब, आग्रह नाही. आपला मान राखूनच विचारतेय."

काटछाटसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कागद बाईंच्या हाताखालून ओढून घेतला, दारापर्यंत गेले आणि परत वळले. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं. बाई इतकी वर्षं तिकडच्यांशी बोलत आल्या आहेत, त्यांना काय वाटतं, हा आकडा खरा असेल? अस्त्रं खरी असतील?

लाइनबाईंनी रिसीव्हरवर तळहात ठेवला. जी माणसं त्यांच्या मते पत्र लिहायच्या लायकीची नव्हती आणि जी वाचायच्या लायकीची नव्हती, त्यांच्या मधोमध त्या बसल्या होत्या, आणि घड्याळात सहा मिनिटं उरली होती.

"खरी आहेत साहेब. अकरा वर्षं ऐकतेय मी त्यांना. असा आवाज खोट्याचा नसतो. मला विचाराल तर आपले आकडेच कमी होते."

साहेब दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले. जिन्यावरून त्यांचा ओरडण्याचा आवाज आला, विमानं थांबवा, आधी विमानं थांबवा, आणि या वेळी त्यांनी एकही शब्द वाचवला नाही. शत्रूची अण्वस्त्रं काढून घ्यायला बसवलेल्या बाईंनी, बारा वाजून चोपन्न मिनिटांनी, शत्रूला एकोणचाळीस अण्वस्त्रं देऊन टाकली होती. त्या देशाच्या इतिहासातली ती पहिलीच.

एक वाजला. वर काहीच उडालं नाही. पलीकडे जनरल हो म्हणाले होते की त्या रंगाऱ्याच्या बायकोला हाकलून दिलं होतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. लाइनबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि त्या मेलेल्या लाइनवर अगदी हळू बोलल्या.

"हॅलो?… ऐकतेस का गं?… अगं, त्यांना हो म्हणायला लाव. काहीही कर, पाया पड, पण लाव… मी तर सांगून बसले."

मग त्यांनी फोन ठेवला.